मर्यादा हजाराची, फोटो चोवीसशे

स. न. वि. वि.

आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या अंगाला. जुलै २०२१च्या पुरात तळमजला पाण्यात गेला आणि कपाटाच्या खालच्या खणातले अल्बमही. जे फोटो सुटे करून वाळवता आले ते वाळवले. बाकीचे बडोद्याची नणंद, डोंबिवलीचे चुलत दीर, न्यू जर्सीची भाची यांच्याकडून मागवले. दुपारची कामं आटोपली की मी स्कॅन करत बसायचे. चोवीसशेच्या वर फोटो झाले. ते एका मोफत संकेतस्थळावर अल्बम करून ठेवले आणि सगळ्यांना लिंका पाठवल्या. मंडळी फोटोंखाली लिहायची, ‘डावीकडून तिसरी ती बेबीआत्या’, ‘हे घर गुहागरचं नाही, दापोलीचं’.

आता मेल आलाय. मोफत खात्यात यापुढे हजारच फोटो राहतील, दिलेल्या तारखेनंतर वरचे काढून टाकू, नाहीतर वर्षाची वर्गणी भरा. ज्या लॅपटॉपवर स्कॅन केले होते तो मुलानं जुना म्हणून कधीच देऊन टाकला. मुलगा पुण्याहून म्हणतो, “मी भरतो पैसे, विषय संपव.” आमचे हे म्हणतात, “फुकट होतं तोवर ठीक. आता एक पैसा द्यायचा नाही, दुसरं फुकट शोध.” मला तर फसवल्यासारखं वाटतंय. ग्राहक मंचात जाता येईल का? सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. रोज विचारतात, “गेले का गं फोटो परत?”

ता. क. घाईत बरेच फोटो कमी रेझोल्यूशनला स्कॅन झालेत. ते पुन्हा करू का?

— एक वाचक, चिपळूण

*

ताई, गेलेले नाहीत. सासूबाईंना आज एवढंच सांगा. मेलमध्ये तारीख दिली आहे म्हणजे मुदत आहे, आणि त्या मुदतीत करायचं मुख्य काम एकच: सगळेच्या सगळे फोटो तिथून उतरवून घरच्या डिस्कवर आणायचे. पैसे भरायचे का, दुसरीकडे न्यायचे का, कुठले हजार ठेवायचे, हे तिन्ही वाद त्यानंतरचे. तुमच्या घरात सध्या उलट्या क्रमानं भांडण चाललंय.

निवड करायला तर आत्ता मुळीच बसू नका. हजाराची मर्यादा म्हटली की माणूस लगेच ‘वरचे चौदाशे कुठले काढू’ या विवंचनेत पडतो. एकेक फोटो उघडतो, जुन्या गोष्टी निघतात, चहा होतो, आणि तारीख उलटून जाते.

संकेतस्थळाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. बहुतेक ठिकाणी सेटिंग्जमध्ये ‘माझा सगळा डेटा द्या’ अशा अर्थाची सोय असते. गूगलकडे तिचं नाव टेकआउट. फ्लिकर या फोटो ठेवायच्या संकेतस्थळावरही खात्याच्या सेटिंग्जमधूनच मागणी नोंदवायची असते. मागणी टाकली की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, झिप फाइलींच्या (पुष्कळ फोटो एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांच्या) लिंका मेलवर येतात. या लिंकाही कायमच्या नसतात, गूगलची साधारण आठवडाभर चालते. म्हणून मागणी टाकाल तेव्हा घरी कॉम्प्युटर आणि नेट दोन्ही हाताशी असू द्या. मोबाइलवर हे काम करू नका. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ते बसणार नाही, आणि फोनवर झिप उघडताना अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं. झिपचा आकार निवडायला दिला तर लहान निवडा. चिपळुणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. सगळ्याची एकच मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर पुन्हा पहिल्यापासून, दोन-दोन जीबीचे तुकडे असले तर एकच तुकडा पुन्हा. घरी कॉम्प्युटर नसेल तर भाच्या-पुतण्याचा लॅपटॉप चार दिवस मागून आणा. सायबर कॅफेत जाणं भागच पडलं तर निघताना खात्यातून बाहेर पडलात ना, ते दोनदा बघा.

उतरवून झालं की दोन गोष्टी तपासा. आकडा जुळतो का? फोल्डरमधल्या फाइलींची संख्या चोवीसशेच्या जवळ नसेल तर एखादी झिप राहिली आहे. आणि आलेत ते मूळ फोटो आहेत की छोट्या प्रती? चांगल्या रेझोल्यूशनला स्कॅन केलेला एक फोटो उघडून त्याची पिक्सेलमधली लांबी-रुंदी पाहा. चार बाय सहा इंची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) स्कॅन केली असेल तर ती १८०० बाय १२००च्या आसपास भरायला हवी. लांब बाजू हजाराच्या जेमतेम वर दिसली तर तुम्ही बघण्यासाठीची प्रत उतरवलीत, जपण्याची नाही. मग ‘मूळ’ किंवा ‘ओरिजिनल’ असा पर्याय शोधा.

आता तुमच्या रागाबद्दल. तो चुकीचा नाही, पण तुमच्या एकट्याचा तो नव्हे. फोटोबकेट नावाची अमेरिकी सेवा २००३ पासून चालत होती. लोक तिथे फोटो ठेवायचे आणि तिथल्या लिंका आपापल्या पानांवर लावायचे. २०१७च्या जूनअखेर तिनं अटी बदलल्या: फोटो बाहेर कुठे दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९.९९ डॉलर. त्या वेळच्या दरानं पंचवीस हजार रुपयांच्या वर. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्या पानांवर फोटोऐवजी ‘खातं अद्ययावत करा’ असं सांगणारं एक करडं चित्र झळकू लागलं. पाककृती, गाड्या दुरुस्तीच्या कृती, विणकामाचे नमुने, लाखो पानं रातोरात आंधळी झाली. गंमत पुढे आहे. इतका ओरडा झाला की पुढच्याच वर्षी कंपनीनं माघार घेतली, दर खाली आणले. घाबरून आधीच चारशे डॉलर भरणारे मूर्ख ठरले आणि चिडून खातं पुसणारेही.

फ्लिकरचं प्रकरण तुमच्या मेलच्या जास्त जवळचं. २०१३मध्ये तेव्हाचा मालक याहूनं तिथे प्रत्येकाला एक टेराबाइट (हजार जीबी) जागा फुकट दिली होती. एप्रिल २०१८मध्ये स्मगमग या कंपनीनं फ्लिकर विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर केलं की मोफत खात्यात हजारच फोटो राहतील, जास्तीचे काढले जातील. कुठले काढणार? सगळ्यात आधी चढवलेले सगळ्यात आधी. तुमच्या मेलमध्येही बारीक अक्षरांत हा क्रम लिहिलेला असेल, तो शोधून वाचा. कारण माणूस अपलोड करायला बसतो तेव्हा सर्वांत जपलेले फोटो पहिल्यांदा चढवतो, आणि या नियमात तेच पहिले जातात. फ्लिकरनं काढायला सुरुवात करण्यासाठी ५ फेब्रुवारी २०१९ ही तारीख दिली होती, पुढे ती १२ मार्चपर्यंत ढकलली. तुमच्या बाबतीत ढकलतील या भरवशावर राहू नका.

त्या वेळी फ्लिकरनं असंही सांगितलं होतं की मोफत सभासदांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त लोकांचे फोटो हजाराच्या आतच आहेत. म्हणजे फारसं कुणाचं बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. पण उरलेल्या तीन टक्क्यांत कोण असतं? तुमच्यासारखी माणसं, जी खरोखरच जपून ठेवायला म्हणून तिथे आली होती. कंपनीला ही आकडेवारी दिलासा देणारी वाटली, मला ती आजही टोचते.

आणि गूगल फोटोज. मे २०१५मध्ये सुरू झालं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो अमर्याद आणि फुकट. नोव्हेंबर २०२०मध्ये घोषणा झाली आणि १ जून २०२१ पासून ही फुकट सोय बंद झाली. त्या तारखेनंतर चढवलेला प्रत्येक फोटो १५ जीबीच्या कोट्यात धरला जातो, आणि त्याच १५ जीबीत मेल आणि ड्राइव्हही. आधीचे ते कमी दर्जाचे फोटो मात्र मोजत नाहीत. तुमच्याकडे पाणी शिरलं ते त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. पुरानंतर जे कोकणात, सांगली-कोल्हापुरात घरचे फोटो वाचवायला बसले, ते सगळे दार लागल्यावर पोचलेले.

पुराचा इशारा आला की बाजारपेठेतली माणसं सामान ओळखीच्यांच्या माडीवर नेऊन ठेवतात. माडीवाला हौसेनं ठेवू देतो, कधी त्याचा काही हिशेबही असतो, पण माडी त्याचीच असते. मोफत संकेतस्थळांचा हिशेब असा की पैसे नको, माणसं हवीत. माणसं जमली, आणि त्यांचे फोटो ठेवायचा खर्च मात्र दर महिन्याला वाढत राहिला की कुणीतरी नवा मालक येतो आणि भाडं लावतो. यात फसवणूक आहे का? कायद्याच्या भाषेत तरी नाही. ग्राहक मंचाचं विचारलंत म्हणून: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतूनच मोफत दिलेली सेवा वगळलेली आहे. तुम्ही एक रुपयाही मोजला नसेल तर त्या दारात तुमचं ऐकून घेणं अवघड आहे. तेवढा वेळ झिप उतरवण्यात घाला.

मुलाचं आणि यजमानांचं काय करायचं? दोघांचंही अर्धंच ऐका. मुदत फार जवळ असेल आणि उतरवणं वेळेत होणार नसेल, तर पैसे भरा. महिन्याची वर्गणी मिळत असेल तर महिन्याची, नाहीतर वर्षाची. तो खर्च मुदत विकत घेण्याचा, फोटो सुरक्षित करण्याचा नव्हे. भरल्याबरोबर आपोआप नूतनीकरण होण्याची खूण काढून टाका, आणि डॉलरमध्ये भरायचे असतील तर कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते आधी पाहा, नाहीतर शेवटच्या रात्री कार्ड नाकारलं जाईल. मुलाच्या ‘विषय संपव’मध्ये मला धोका दिसतो तो असा की विषय त्याच्या कार्डाला बांधला जाईल. कार्ड बदललं, नोकरी बदलली, एक मेल नजरेतून सुटला, की पुन्हा हीच नोटीस, आणि या वेळी ती तुमच्याकडे येणारही नाही. पैसे देणाऱ्याला दर कायम राहण्याची हमी कुणीच देत नाही.

यजमानांचं ‘एक पैसा नको’ मला समजतं, पण ‘दुसरं फुकट शोध’ हा मात्र या पत्रातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. (त्यांना हे वाचून दाखवायचं की नाही, तुम्ही ठरवा.) नव्या ठिकाणी चोवीसशे फोटो चढवणार, अल्बम लावणार, पुन्हा सगळ्यांना लिंका पाठवणार, आणि काही वर्षांनी तोच मेल. फुकटचं ठिकाण दाखवण्यासाठी वापरा, ठेवण्यासाठी नको. पैशाचाच प्रश्न असेल तर हिशेब सोपा आहे. ६०० डीपीआयला स्कॅन केलेला चार बाय सहाचा फोटो तीन ते पाच एमबीचा होतो. सगळे तसेच केलेत असं धरलं तरी चोवीसशे फोटो दहा-बारा जीबीत बसतात. तुमच्या सासरचा सगळा गोतावळा ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर मावतो, आणि ती काही शे रुपयांना मिळते. त्यासाठी जन्मभर वर्गणी कशाला?

पेन ड्राइव्हवर एकटीवर भिस्त ठेवू नका, एवढंच. फोटोचं काम करणारे तीन-दोन-एक म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. तुमच्यासाठी शेवटचा ‘एक’ सगळ्यात महत्त्वाचा. वाशिष्ठी नदी २००५मध्ये गावात आली, २०२१मध्ये आली. हार्ड डिस्क कितीही उंच फळीवर ठेवली तरी ती चिपळुणातच राहते. एक प्रत घरी माडीवर, हवाबंद पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, कारण कोकणातला ओलावा पुराशिवायही काम करतो. दुसरी पुण्याला मुलाकडे. पैसे भरायची त्याची तयारी आहेच, तर त्याला हे काम द्या. तिसरी हवी तर ऑनलाइन, आता बिनधास्त, कारण ती बुडाली तरी काही जात नाही. वर्षातून एकदा, मृग लागायच्या आत, डिस्क लावून दहा-पंधरा फोटो उघडून बघायचे. ऑनलाइन खातं ठेवलंत तर त्यातही अधूनमधून जात राहा. गूगलनं तर दोन वर्षं वापर नसलेली खाती काढून टाकण्याचं धोरण २०२३मध्येच जाहीर केलं आहे. आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे ना, ते आजच पाहा. पुरात फोन गेले तेव्हा पुष्कळांचे नंबरही बदलले.

पण ताई, तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा मला फोटोंपेक्षा जास्त काळजी वाटली ती ‘डावीकडून तिसरी ती बेबीआत्या’ या ओळीची. फोटो नणंदेकडे असेल, भाचीकडे असेल, एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याची दुसरी प्रतही निघेल. ती ओळ मात्र फक्त त्या संकेतस्थळावर आहे. आणि फोटो उतरवताना नेमकी तीच मागे राहते. झिपमध्ये फोटो एकीकडे येतात, त्यांचा मजकूर वेगळ्या फाइलींत, ज्यांच्या नावाशेवटी ‘जेसन’ असं असतं. लोक त्या कचरा समजून पुसतात. पुसू नका. उघडल्यावर देवनागरीच्या जागी विचित्र सांकेतिक अक्षरं दिसली तरी घाबरू नका, जाणकाराला ती सरळ करता येतात. तुम्ही संकेतस्थळावर बसून तारखा दुरुस्त केल्या असतील तर त्याही बऱ्याचदा याच फाइलींत असतात. नुसता फोटो पाहिला तर १९६८चं लग्न स्कॅनच्या दिवसाची तारीख दाखवेल. नातेवाइकांच्या टिपण्या तर काही सेवा देतच नाहीत. म्हणून मुदत संपायच्या आत प्रत्येक अल्बमचं पान टिपण्यांसकट ब्राउझरमधून पीडीएफ करून ठेवा, ‘प्रिंट’ दाबून ‘पीडीएफ म्हणून सेव्ह’. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात आधी करण्यासारखं आहे.

पुढे सावकाश, प्रत्येक फोटोला क्रमांक द्या: ०००१, ०००२. फाइलीच्या नावात देवनागरी नको, झिप करताना कधीकधी ती अक्षरं मोडतात. नावं, गाव, अंदाजे साल, कुणी सांगितलं, हे त्या क्रमांकापुढे एक्सेलमध्ये लिहा किंवा सरळ दोनशे पानी वहीत. वहीचेही फोटो काढून त्याच डिस्कवर टाका. इथे ज्यांची गरज आहे त्या सासूबाई घरातच आहेत. रोज दुपारी वीस फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे, त्या बोलतील ते लिहायचं, किंवा फोनवर आवाज मुद्रित करायचा. त्या चुकतीलही, बडोद्याच्या नणंदबाई वेगळंच नाव सांगतील. दोन्ही लिहा. वंशावळीतले वाद तुम्ही मिटवायचे नाहीत.

लिंका तुटणार, त्याबद्दल सगळ्यांना आत्ताच कळवा. आणि कळवतानाच काम वाटून द्या: डोंबिवलीच्या दिरांनी आपल्या शाखेचा अल्बम उतरवून ठेवावा, भाचीनं तिचा. चार घरांत चार प्रती आपोआप होतील. फोटो पाठवायचे तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख-माहिती गळून पडते. फॅमिली ग्रुपवर टाकले म्हणजे जपले, असं कुणी म्हटलं तर मान डोलवा आणि डिस्क बनवत राहा.

मग हजारांची निवड. ती आता निवांत करा, करायचीच असेल तर. तिथे पुरातून वाचलेले आणि जास्त माणसं असलेले ठेवा. सत्यनारायणाच्या पूजेचे बारा जवळपास सारखे फोटो कुणालाच नको असतात, हे मनातून तुम्हालाही माहीत असेल.

ता. क.चं उत्तर. सगळे पुन्हा स्कॅन करू नका. ज्या फोटोत आठ-दहाहून जास्त माणसं आहेत, म्हणजे लग्नाचे, शाळेचे, मुंजीचे, आणि जे पासपोर्टएवढे लहान आहेत, तेवढे ६०० डीपीआयला घ्या. गर्दीतले चेहरे मोठे करून बघायचे तर तेवढं लागतंच. निगेटिव्ह कुणाकडे उरल्या असतील तर त्या आधी मागवा, प्रिंटपेक्षा त्यांतून जास्त निघतं. मात्र साध्या स्कॅनरवर त्या जमत नाहीत, फिल्मची सोय असलेला स्कॅनर किंवा तसं काम करणारा स्टुडिओ शोधावा लागेल. पुरात एकमेकांना चिकटलेले फोटो अजून ठेवले असतील तर ओढून सोडवू नका आणि टाकूही नका. तसेच कोरड्या कागदात ठेवा. आणि नव्या स्कॅनला जुनाच क्रमांक देऊन पुढे ‘ब’ऐवजी रोमन ‘बी’ लावा, म्हणजे वहीतली नोंद दोन्हींना चालेल.